ईदीची दुर्बीण: भिंगाची की आरशाची?

आमच्या धाकटीने तीन वर्षांची ईदी एका डब्यात जमवली होती. यंदा डबा उघडून ती म्हणाली, "मला दुर्बीण हवी." आम्ही दोघेही गप्प झालो. कारण एक दुर्बीण माळ्यावर आधीच धूळ खात पडली आहे.

ती थोरल्यासाठी घेतली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट' छापलेले. हिशेब खोटा नव्हता. ७०० मिलिमीटर नाभीय अंतर भागिले ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे १७५ पट. वर तिप्पट करणारे बार्लो भिंग. पण पुढचे भिंग अवघे ६० मिलिमीटरचे! ठोकताळा असा, की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच वर्धन उपयोगी पडते. म्हणजे इथे १२०. त्यापुढे चित्र मोठे होते, पण पुसट. त्यात तिवई डुगडुगणारी. चंद्र सापडेपर्यंत निसटायचा. पोराने आठ दिवसांत नाद सोडला आणि "मला जमत नाही" असे मनाशी धरून बसला. पैशांपेक्षा हे आम्हाला जास्त लागले.

म्हणून या वेळी आधी नीट समजून घेतले. गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे वळवली ती भिंगाची दुर्बीण. न्यूटनने १६६८ साली बनवली ती आरशाची. भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग वेगवेगळे वाकतात, त्यामुळे चंद्राच्या कडेला जांभळट किनार दिसते. आजच्या जोडभिंगांत ती कमी होते, पण पुरती जात नाही. आरशावरून मात्र सगळे रंग सारखेच परततात. प्रकाशाच्या या दोन्ही वाटांचा, परतण्याचा आणि वाकण्याचा, अभ्यास इब्न अल-हैसम यांनी गॅलिलिओच्या सुमारे सहाशे वर्षे आधी 'किताब अल-मनाझिर'मध्ये केला होता, हे धाकटीला सांगताना आम्हालाही बरे वाटले.

आरशाची एकच बाजू घासावी लागते, त्यामुळे त्याच पैशात मोठी दुर्बीण मिळते. १३० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ किंवा अंधूक तारकागुच्छ पाहायचे तर आरसाच सरस. मात्र प्रवासात धक्के बसले की त्याचे आरसे पुन्हा एका रेषेत आणावे लागतात. नळी उघडी असल्याने धूळ आत जाते, खारी हवा आरशाच्या मुलाम्याला सोसत नाही. भिंगाची नळी बंद असते. तिवईवर चढवली की काम सुरू. फक्त पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून ती कोरडी ठेवायची.

धाकटीचा ओढा आरशाकडे होता. आम्ही तिला एवढेच विचारले, "बघणार कुठून?" आमचे घर मुंब्र्यात, चौथ्या मजल्यावर. गच्चीवर दिव्यांचा उजेड इतका, की अंधूक तेजोमेघ मोठ्या आरशातूनही फिकेच दिसणार. चंद्र आणि ग्रह मात्र त्या उजेडाला जुमानत नाहीत. कोकणात नानीकडे जायचे ते गर्दीच्या गाडीतून, आणि तिथे दुर्बीण खाडीकाठच्या हवेत उभी राहणार. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच म्हणाली, "भिंगाचीच घेऊ." ७० मिलिमीटरची, नाभीय अंतर ७००, नेत्रिका दोन, २८ आणि ७० पट देणाऱ्या. तुमचे घर गावाकडे, अंधाऱ्या अंगणाचे असेल, तर आमचा सल्ला उलटा असेल.

घेताना खोक्यावरचे 'पट' वाचू नका, व्यास विचारा, आणि तिवई हलवून पाहा. एक गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा बजावा: दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, क्षणात डोळा जातो. चाँदरातीला हौसेने हिलाल शोधणार असाल, तर सूर्य पूर्ण मावळेपर्यंत थांबा.

पहिल्या रात्री गच्चीवर शेजारची पोरे रांगेत उभी होती. ७० पटीत शनीचे कडे दिसले. एवढेसे, पण स्पष्ट. थोरला जिन्यात उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने तो आला, तिवईचा सैल स्क्रू आवळला आणि धाकटीला म्हणाला, "सरक जरा, मला बघू दे."