बैल वाकडा झाला तरी चालेल!

'मम्मा, आता मी काय करू?' रविवारी सकाळी अकराच्या सुमारास हा प्रश्न कानावर येतो आणि तुमच्या निवांत वीकेंडचे बारा वाजतात! मग टीव्ही लागतो, मोबाइल हातात जातो, नाहीतर ऑनलाइन मागवलेलं चकाचक क्राफ्ट किट उघडलं जातं. त्यातले तुकडे आधीच कापलेले, चिकटवायची जागासुद्धा आखून दिलेली. पंधरा मिनिटांत हत्ती तयार! फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, अंगठे आले. पण फ्रेंड्स, खरं सांगा, त्या हत्तीत तुमच्या चिमुरड्याचा हात किती?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू 'परफेक्ट' होण्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना मळायचं असतं, फाडायचं असतं, टोचायचं असतं. त्यातूनच बोटांत ताकद येते. उद्या पेन्सिल धरायला आणि शर्टाचं बटण लावायला हीच बोटं कामी येणार असतात. म्हणून या आठवड्यात किट बाजूला ठेवू या आणि थेट आमच्या पहूरला जाऊ या. जळगावहून अजिंठ्याला गेला असाल तर वाटेत लागलं असेल. जामनेर तालुक्यातलं, वाघूर नदीकाठचं गाव. लहानपणी आम्ही 'क्राफ्ट' हा शब्दही ऐकला नव्हता, पण हात मात्र कायम मातीत!

पोळ्याचा बैल

श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आधी घरोघरी मातीचे बैल व्हायचे. खान्देशातली काळी माती वाळताना आकसते आणि तडकते, मग बैलाचा पाय निखळतो आणि घरात रडारड! त्यावरचा उपाय सोपा आहे. माती चाळून भिजवा आणि मळताना त्यात थोडी बारीक रेती आणि चिमूटभर पिंजलेला कापूस घाला. धागे मातीला धरून ठेवतात. गंमत म्हणजे, आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही कारागिरांनी असेच वनस्पतींचे धागे आणि धान्याचा भुसा मिसळला होता. म्हणजे तुमचा छोटू बसल्या बसल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची ट्रिक शिकतोय की नाही!

बैल सावलीत वाळवा, उन्हात नको. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. फ्लॅटमध्ये माती मिळत नसेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घालून कणकेसारखा घट्ट गोळा मळा. हळद घातली की पिवळा, बिटाचा रस घातला की गुलाबी. फक्त हा गोळा पोटात जाणार नाही याकडे लक्ष असू द्या, त्यात मीठ भरपूर असतं.

चणे-काड्यांचं घर

मूठभर काबुली चणे रात्री भिजत घाला. सकाळी उपसून तासभर फडक्यावर पसरा. सोबत खराट्याच्या स्वच्छ हिरांचे बोटभर तुकडे, टोकं बोथट केलेले. चण्यात काडी खुपसायची, दुसऱ्या टोकाला दुसरा चणा. चौकोन झाला, त्यावर त्रिकोण ठेवला की घर! चणे वाळले की आकसून काड्यांना घट्ट धरतात, फेविकॉलची गरजच नाही. जर्मनीत १८३७ मध्ये पहिली बालवाडी सुरू करणाऱ्या फ्रोबेलनं मुलांसाठी जे हस्तउद्योग आखले, त्यात भिजवलेले वाटाणे आणि काड्या होत्याच. मात्र तीन वर्षांखालच्या बाळांना हा खेळ अजिबात नको. मोठ्यांच्याही शेजारी बसा, कारण चणा नाकात जायला वेळ लागत नाही!

काडेपेटीची 'पीजे'

पाचोरा ते जामनेर अशी ५६ किलोमीटरची आमची चिमुकली नॅरोगेज गाडी, लाडाचं नाव 'पीजे'. शेंदुर्णीहून पहूरला यायची, पुढे जामनेरला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, ती नॅरोगेजवर पुन्हा धावलीच नाही. म्हणजे आज बालवाडीत जाणाऱ्या पहूरच्या मुलांनीही ती पाहिलेली नाही. मग घरीच बनवा ना! पाच-सहा रिकाम्या काडेपेट्या घ्या. पेट्यांना भोकं पाडून दोरा ओवायचं काम तुमचं. रंगीत कागद फाडून चिकटवायचं, मोठ्या बटणांची चाकं लावायचं काम मुलांचं. आगपेटी २०२१ च्या डिसेंबरमध्ये एकाची दोन रुपयांना झाली, तरी एवढ्या स्वस्तात आख्खी आगगाडी दुसरीकडे कुठे मिळेल? गाडी पळत असताना आजी-आजोबांना स्टेशनांची नावं विचारा. गप्पा आपोआप सुरू होतील.

हे सगळं 'गावाकडचं' म्हणून नाक मुरडू नका हं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया उचलल्या आणि त्यातूनच शिक्षण उभं केलं. साधन स्वस्त असलं म्हणून शिक्षण हलकं होत नाही, हे त्या दोघींनी तेव्हाच दाखवून दिलं.

आता आई-बाबांसाठी तीन छोटे नियम. एक, जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि पसाऱ्याचं टेन्शन अर्धा तास विसरा. दोन, 'हे काय केलंस?' असं विचारण्यापेक्षा 'मला सांग ना याच्याबद्दल' म्हणा. त्यांच्या बैलाला पाच पाय असतील तर पाचव्याचीही स्टोरी असते! आणि तीन, सगळ्यात कठीण, तुमचे हात मांडीखाली ठेवा. मूल झोपल्यावर गुपचूप शिंगं सरळ करू नका. सकाळी त्याला ते बरोब्बर कळतं. आपण केलेलं मोठ्यांना आवडलं नाही, एवढंच त्यातून ते शिकतं. पुढच्या वेळी मग ते 'तूच करून दे' म्हणतं आणि हात आखडता घेतं.

आमची आजी यावर एका वाक्यात निकाल द्यायची, 'अरे, त्याचा बैल त्यालेच करू दे!'

तेव्हा या रविवारी फोटो काढाच, पण वाकड्या शिंगांचा. ग्रुपवर कुणी हसलं तर खुशाल सांगा, ओरिजिनल पीस आहे, दुसरा मिळणार नाही!