मधल्या फळीतला माणूस

9 मार्च 2019 रोजी चेन्नई सिटी संघाने अवघ्या एका गुणाच्या आघाडीने आय-लीग फुटबॉल स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा गोल करणाऱ्यांची नावे सर्वांच्या मुखी होती. त्याच स्पर्धेत गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ चौथा आला. त्याच्याही विलिस प्लाझाचे 21 गोल लोकांच्या स्मरणात राहिले. त्या संघाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या खालिद औचोचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतले असेल. आज त्याच्याविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

औचो युगांडाचा. 1993 साली जिंजा येथे त्याचा जन्म झाला. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते, ते हेच गाव. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही अंश येथे विसर्जित करण्यात आला होता. एके काळी गोव्यातील कारकून, शिंपी व आचारी चरितार्थासाठी पूर्व आफ्रिकेची वाट धरीत. औचो चरितार्थासाठीच त्या वाटेने उलट आला.

त्यापूर्वी त्याने बरेच चढउतार पाहिले होते. केनियातील गोर माहिया संघ 2015 मध्ये एकही सामना न गमावता साखळीचा विजेता ठरला, त्या संघात तो होता. पुढे दक्षिण आफ्रिका झाली. 2017 मध्ये बेलग्रेडच्या विख्यात रेड स्टार संघाने त्याला घेतले. पण तेथे त्याचा जम बसला नाही. 2018 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे व तेथून गोव्यास आला. युरोपातून परतलेल्या खेळाडूची ही उतरंड आहे, असे कोणासही वाटले असते.

परंतु त्याच्या देशाला त्याचे मोल ठाऊक होते. 2017 मध्ये युगांडाने 39 वर्षांनंतर आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश केला, तेव्हा औचो संघात होता. 2019 मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, तेव्हाही होता. नंतर इजिप्तमध्ये खेळून 2021 मध्ये तो दार-ए-सलामच्या यंग आफ्रिकन्स संघात दाखल झाला. 2022, 2023 व 2024 या तिन्ही वर्षी त्या संघाने टांझानियाचे अजिंक्यपद जिंकले.

या खेळाडूचे काम तरी कोणते? बचावफळीपुढे उभे राहून प्रतिपक्षाचा हल्ला मोडावयाचा, चेंडू हिरावून घ्यावयाचा आणि मोकळ्या सहकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा. गुणफलकावर या कामाला जागा नाही.

मुले सामना खेळून घरी येतात, तेव्हा आपण सहज विचारतो, “किती गोल केलेस?” “एकही नाही,” असे सांगताना मूल खाली मान घालते. पुढच्या वेळी, वाचकहो, आणखी एक प्रश्न विचारून पाहा: “चेंडू कोणाकडे दिलास?” कदाचित त्या सामन्याची खरी हकीकत तेव्हाच ऐकावयास मिळेल.