'मेरेकू' म्हणायची लाज कुणी लावली?

माझा भाचा पडेगावात राहतो आणि शिकायला शहरात जातो. सकाळी निघताना आईला सांगतो, "मेरेकू डबा नक्को." छावणीत मित्र भेटला की त्याच्याशी मराठवाडी मराठीत भांडतो. बाबा पेट्रोल पंपापर्यंत पोचतो तेव्हा फोनवर कुणाशी तरी नीट इस्त्री केलेली हिंदी बोलत असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा प्रवास असाच आहे. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. उलट तीन-चार भाषा खिशात असणं चांगलंच.

गेल्या वर्षी त्याने एका मराठी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "मुसलमान असूनही तुझी मराठी किती शुद्ध आहे!" काही महिन्यांनी हाच मुलगा एका छोट्या मुशायऱ्यात स्वतःचे शेर वाचायला उभा राहिला. तिथे एका बुजुर्गांनी त्याला मध्येच थांबवून 'क़ाफ'चा उच्चार दुरुस्त केला आणि "बेटा, पहले ये दखनी लहजा छोडो" असा सल्ला दिला. लोक हसले. घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "मामू, मग मी नेमकं कुठलं बोलायचं?"

दोन्ही ठिकाणचे लोक वाईट नव्हते. दोघांनीही त्याचं भलंच चिंतलं असेल. पण दोघांच्याही डोक्यात संस्कृती म्हणजे एक उंच ओटा होता. त्यावर ते बसलेले, आणि हा पोरगा पायऱ्यांवर चप्पल काढून उभा.

मला या ओट्याबद्दलच बोलायचं आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे, आणि ती आपलीही आहे. पण मराठी किती जुनी हे दाखवण्यासाठी जे पुरावे दिले गेले, त्यातला एक मोठा पुरावा म्हणजे हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती'. सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, आपल्याच जिल्ह्यातलं. त्या गाथांमध्ये शेत आहे, नदी आहे, नवऱ्याची वाट बघणाऱ्या आणि त्याला फसवणाऱ्याही गावाकडच्या बायका आहेत. भाषा संस्कृत नाही, प्राकृत आहे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलायचा, बायका आणि नोकर प्राकृत. म्हणजे आज जे 'अभिजात' म्हणून मिरवतं, ते नाटकातल्या राजाच्या तोंडी शोभत नव्हतं!

आता आपल्या घरातल्या बोलीकडे या. 'मेरेकू मालूमच नई था' या वाक्यातला 'च' मराठीचा आहे. 'नक्को' तर सरळ मराठीतला 'नको' आहे. ही दख्खनी. आज ती विनोदाची भाषा मानली जाते. पण गोवळकोंड्याचा सुलतान, हैदराबाद वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशहा याच भाषेत कविता करत होता. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा याच भाषेत 'किताब-ए-नवरस' लिहीत होता, आणि त्याची सुरुवात सरस्वतीच्या स्तुतीने करत होता. दिल्लीचे लोक तेव्हा बोलत होते हिंदवी, पण कवितेसाठी फारसीच हवी होती. लोकांच्या बोलीत मोठी कविता होऊ शकते, हे दख्खनने आधी दाखवलं.

1686 ला विजापूर पडलं, 1687 ला गोवळकोंडा. दरबार गेले. 1700 च्या सुमारास आपल्या शहराचा वली दिल्लीला गेला. पुढे त्याचा दिवान दिल्लीत पोचला आणि तिथले शायर फारसी सोडून आपल्या बोलीत गझल लिहू लागले. उर्दू शायरीचा पाया म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो हा वली औरंगाबादी. पण गंमत पुढे आहे. सुरुवातीला वलीलाच गुरू मानणाऱ्या दिल्लीच्या शाह हातिमने 1750 च्या दशकात आपला जुना दिवान चाळून नवा केला. त्याचं नाव 'दीवानज़ादा'. प्रस्तावनेत त्याने सांगून टाकलं की देशी बोलीचे शब्द आपण सोडले आहेत. वारा दिल्लीकडून वाहू लागला होता. मग तोच लहजा हळूहळू 'गावंढळ' ठरला आणि 1965 च्या 'गुमनाम'मध्ये मेहमूदच्या तोंडी आला तेव्हा हसण्यासाठीच आला.

बोली फारशी बदलली नव्हती. तख्त बदललं होतं.

हे वाचून काही जणांची छाती फुगेल: बघा, आमची भाषा बादशहांची! थोडं थांबा. आपल्यात एक आजार आहे. जुनी हवेली, शेरवानी, अत्तरदाणी दिसली की आपण 'हमारी तहज़ीब' म्हणून उसासा टाकतो. कुणाची तहज़ीब? आपल्या शहरातला हिमरू घ्या. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखाबासारखा दिसणारा तो कपडा अमीर-उमरावांच्या अंगावर जायचा. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा तो अंगावर घालणारे नव्हते, असलेच तर विणणारे होते. शेजारच्या जालन्यातून शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीप कुमार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा हाच प्रश्न वर आला होता. मोमीन, बागवान, पिंजारी, शिकलगार यांना 'शरीफ घराण्यां'च्या संस्कृतीत कुठे जागा होती? नवाबीचा अभिमान उसना घेतला की आपल्याच विणकर आजोबांना विसरावं लागतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. पेशवाईच्या काळात ज्याच्या लावण्या गाजल्या तो सगनभाऊही मुसलमान शिकलगारच होता. त्याला 'मुसलमान असूनही' म्हणायची तेव्हा कुणाला गरज वाटली असेल असं मला वाटत नाही. (आणि 'शाहीर' हा शब्द तरी कुठला? अरबीतला 'शाइर' मराठी मातीत येऊन डफ हातात घेऊन उभा राहिला.)

दुसरीकडे, जे लोकप्रिय आहे ते आपलंच आणि चांगलंच, असंही मी म्हणणार नाही. आज दख्खनीला नवं व्यासपीठ मिळालंय ते रील्सचं. बघून मीही हसतो. पण शंभरातल्या नव्वद रील्समध्ये दख्खनी बोलणारा माणूस एक तर मूर्ख असतो नाही तर टपोरी, आणि बायको भांडकुदळ. मेहमूदला ते सिनेमावाल्यांनी करायला लावलं. आपण ते व्ह्यूजसाठी स्वतःहून करतोय. यापेक्षा मालेगाव बघा. शेख नासिरने 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. मुंबईच्या सिनेमाची नक्कलच होती ती, पण त्यात यंत्रमागाचं गाव होतं, त्याची अडचण होती, त्याचा स्वतःवर हसण्याचा दम होता. नक्कल करता करता ते स्वतःचं काहीतरी करून बसले. म्हणून त्यांच्यावर आधी माहितीपट निघाला आणि मग 2025 मध्ये मुंबईच्याच लोकांनी सिनेमा काढला.

आपल्याच शहराचे बशर नवाज़ गंभीर शायर होते. जगाला ते माहीत आहेत ते 1982 च्या 'बाज़ार'मधल्या गाण्यामुळे. त्यांची मोठी कविता आणि त्यांचं सिनेमातलं गाणं एकाच लेखणीतून आलं. कुठली रेघ मारून वेगळं करणार?

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढं लांब भाषण कोण ऐकतं! त्याला फक्त नानीच्या चक्कीची गोष्ट सांगितली. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' नावाची गाणी होती. दळता दळता बायकांनी म्हणायची. जात्याच्या खुंट्याला अलिफ मानायचं आणि दळणातून अल्लाहची आठवण करायची. भाषा दख्खनी, आणि चाल जात्यावरच्या ओवीच्या जवळची. ज्या तत्त्वज्ञानावर फारसीत जाडजूड ग्रंथ लिहिले गेले, ते इथे पीठ पडता पडता उमजून घेतलं जात होतं. उच्च म्हणा, लोक म्हणा. त्या बाईला पहाटे दोन शेर ज्वारी दळायची होती.

माझी आई, म्हणजे त्याची नानी, लहानपणी तिच्या आईकडून असं काही ऐकल्याचं सांगते. भाचा परवा फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तिच्याजवळ बसला. तिला दीडच गाणं आठवलं, तेही मध्येच मराठी, मध्येच दख्खनी. एका शब्दावर तो अडला. अर्थ विचारला, तर ती म्हणाली, "मेरेकू क्या मालूम, अम्मी ऐसाइच बोलती थी." त्याने तो शब्द वहीत लिहून ठेवलाय. आता तो गल्लीतल्या बाकीच्या नानींना विचारत फिरतोय.