हात मागे घ्यायचा नाही

परवा मावशीचा फोन आला. "काय रे, तू म्हणे हल्ली ससे मारतोस?" बातमी अर्थातच आईकडून गेलेली. तशी मी जाळी लावतो, गोळा करतो आणि चिखलात लोळतो, एवढंच. पण फोनवर हे कुणाला पटणार? म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आम्ही यॉर्कशरमधल्या एका खेड्यात राहतो. शेजारचे म्हातारबा फेरेट पाळतात. हा पाणमांजराच्या कुळातला, दिसायला मुंगसासारखा लांबुडका प्राणी, माणसाने फार पूर्वी माणसाळवलेला. सशांच्या बिळांना आधी बटव्यासारखी आवळणारी जाळी लावायची आणि मग फेरेट आत सोडायचा. ससे घाबरून बाहेर पळतात ते थेट जाळ्यात! (आपल्याकडचा रानससा बिळं करत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्याला नवीन.) कोवळा गहू फस्त होऊ लागला की शेतकरी स्वतःच म्हातारबांना बोलावतात. दुसरा उपाय म्हणजे बिळात विषारी वायू. त्यापेक्षा मला हा बरा वाटतो. तरी ससा मारायची वेळ आली की मी अजून तोंड फिरवतो, हेही कबूल करतो.

लोकांना वाटतं, फेरेटच्या पिल्लाला शिकार शिकवावी लागते. माझं मत दोन हिवाळ्यांनंतर अगदी उलट झालंय. शिकार त्याच्या रक्तातच असते. शिकवायच्या असतात त्या दोनच गोष्टी: हाताला चावायचं नाही आणि बिळातून परत यायचं. आणि दोन्हींत नापास होतो तो माणूस!

पिल्लं उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात, डोळे उघडायला महिनाभर लागतो. तेव्हापासून रोज हाताळायचं. पिल्लू दात लावून बघतंच. आपण हात झटकन मागे घेतला की ते शिकतं: चावलं की हात पळतो. म्हातारबा मिटलेली मूठ पुढे करतात आणि तिथेच ठेवतात. पुढे अंगणात जुने पाइप टाकून त्यांतून ये-जा. मग थंडी पडली, झाडोरा वाळला, की दोन-चार तोंडांचं सोपं बीळ. पहिल्याच दिवशी भलंमोठं बीळ दाखवणारे उत्साही लोक आहेत, पण त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

दुसरा एक आवडता सल्ला म्हणजे पिल्लाला उपाशी ठेवून न्या, जोमाने काम करेल. साफ चूक! उपाशी फेरेट आतच ससा मारतो, खातो आणि तिथेच ताणून देतो. जोर बाहेर हाकलण्यावर हवा, मारण्यावर नव्हे. म्हणून तर पूर्वी त्यांची तोंडं बांधत. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबोने स्पेनमधल्या सशांबद्दल लिहिताना अशाच तोंड बांधलेल्या प्राण्यांचा उल्लेख केलाय. आता गळ्यात छोटा ट्रान्समीटर असतो. वरून यंत्राने जागा हेरायची आणि फावड्याने खणायचं.

पण खणता आलं तर! गेल्या जानेवारीत एक तरुण मादी, तिचा पहिलाच हंगाम, बिळाच्या तोंडाशी आली. चार वाजत आले होते, अंधारत होतं, मला घाई. मी झडप घातली. ती आत. पुन्हा आली, पुन्हा माझी झडप. तिसऱ्यांदा आलीच नाही. बीळ जुन्या दगडी कुंपणाखाली गेलेलं. यंत्र टिकटिक करत होतं, पण फावडं चालेना. शेवटी म्हातारबांनी बाकीची तोंडं मातीने बुजवली, तिची गवत भरलेली पेटी उरलेल्या तोंडाशी ठेवली आणि आम्ही घरी आलो. रात्रभर दहिवर पडत होतं. मला झोप कसली लागते...

सकाळी सातला गेलो, तर बाईसाहेब पेटीत गुरगुटून झोपलेल्या. म्हातारबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मी तळवा जमिनीवर उलटा टाकतो आणि भलतीकडे बघत बसतो. ती येते, हुंगते, कधी दोन मिनिटं, कधी दहा. मग तळव्यावर पुढचे दोन पाय ठेवते. तेव्हाच उचलायची.