शाळेतली गिटार खुपते, मग शाळेतली आरती का खुपत नाही?

केळशीजवळच्या एका बौद्धवाडीत बैठक संपत आली होती. चहा फिरत होता. तेवढ्यात एका पोराने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला व्हिडिओ होता. कुठल्यातरी शाळेचा वर्ग, चार तरुण, एकाच्या गळ्यात गिटार. गाण्याच्या तालावर मुले हात वर करताहेत, टाळ्या वाजवताहेत, उड्या मारताहेत. मग एक छोटी नाटिका, एक खेळ आणि शेवटी येशूची गोष्ट. खाली कुणीतरी लिहिले होते, 'आपल्या शाळा वाचवा.' पोराने विचारले, "दादा, यावर आपली भूमिका काय?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून आम्ही उत्तरही सरळ देतो.

पहिली गोष्ट कायद्याची. संविधानाचा अनुच्छेद 28 सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना होत असेल, तर अल्पवयीन मुलाला त्यात बसवायला पालकाची संमती हवी. म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेत, सुट्टीतल्या बायबल शिबिरात आईबापाच्या मर्जीने मूल जात असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. अनुच्छेद 25 तो हक्क देतो. पण जिल्हा परिषदेच्या वर्गात शाळेच्या वेळेत कोणी गिटार घेऊन येशूची गोष्ट सांगणार असेल, तर ते चूक आहे. गाणे कितीही गोड असले तरी चूकच आहे.

आता हाच नियम पुढे लावा. त्याच वर्गात सरस्वतीचा फोटो, नारळ, हळदकुंकू, गणपतीची आरती चालते, तेव्हा अनुच्छेद 28 कुठे जातो? 2024 साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आला, गीता आणि मनाचे श्लोक पाठ करून घेण्याची शिफारस आली. ज्या मनुस्मृतीचे दहन बाबासाहेबांच्या साक्षीने 1927 साली महाडला झाले, तीच सरकारी कागदातून पोरांच्या दप्तरात शिरू पाहत होती. तेव्हा 'शाळा वाचवा' म्हणणारे हे रक्षक कुठे होते? त्यांना शाळा धर्मापासून वाचवायची नाही. एका धर्मासाठी राखून ठेवायची आहे.

आणि आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही. सरकारी शाळेत उद्या कोणी सगळ्या मुलांकडून सक्तीने त्रिशरण-पंचशील म्हणवून घेऊ लागला, तर आमचा त्यालाही विरोध राहील. त्रिशरण विहारात आणि घरात. शाळेत संविधानाची उद्देशिका. जो नियम आपल्यालाही लागतो, तोच नियम खरा.

दुसरी गोष्ट इतिहासाची. केळशीच्या उत्तरेला बाणकोट, दक्षिणेला हर्णै. स्कॉटिश मिशनरी 1823 साली याच पट्ट्यात उतरले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढे दापोलीत मिशनचे हायस्कूल उभे राहिले. आल्फ्रेड गॅडने हे नाव आजही त्या शाळेला आहे. त्याच शाळेत शिकून पांडुरंग वामन काणे मोठे झाले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, 1963 साली भारतरत्न झाले. मिशनच्या बाकावर बसून त्यांचा धर्म काही बुडाला नाही. तेव्हा शाळेत ख्रिस्ती माणूस दिसला की धर्म बुडाला, ही ओरड निदान दापोली तालुक्यात तरी कोणी करू नये.

मग आमचे लोक तेव्हा कुठे होते? त्याच दापोलीत सैन्यातून निवृत्त झालेले महार-चांभार पेन्शनर राहत होते. गोपाळबाबा वलंगकर तिथूनच लेखणी चालवत होते. 1890 च्या दशकात या पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या सार्वजनिक शाळेत घ्या म्हणून झगडा केला. मुलांना जागा मिळाली ती पडवीत. वर्गात नाही, पडवीत! आज 'आपल्या शाळा' म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, या शाळा 'आपल्या' कधीपासून झाल्या? आमचे आजे-पणजे पडवीत बसून धडे ऐकत होते, तेव्हा 'आपण' कोण होतो?

म्हणून मिशनच्या विरोधात निघणाऱ्या मोर्चात आमची पोरे ढाल म्हणून जाणार नाहीत. पण म्हणून आम्ही मिशनची आरतीही ओवाळणार नाही. 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाल्यावर बाबासाहेबांकडे सगळ्याच धर्मांची माणसे आली, त्यांत ख्रिस्तीही होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनांचा सखोल अभ्यास केला. शिक्षण आणि आरोग्यातले त्यांचे काम त्यांनी मान्य केले. सोबत कठोर प्रश्नही विचारले. तुमच्या शाळा-कॉलेजांचा पैसा वरच्या जातींना शिकवण्यात गेला, तुमच्या वेदीसमोर बसलेल्या अस्पृश्याच्या हाती काय आले? धर्म बदलल्यावर त्याची जात का गेली नाही? दक्षिणेत काही ठिकाणी मेल्यावरही कब्रस्तान जातीप्रमाणे वेगळे होते. या प्रश्नाचे उत्तर गिटारच्या तारांत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या पालकांनी जाणून घ्यावी. 1950 च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 ला शिखांना मिळाला, 1990 ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. हा अन्याय आहे. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगाने तो दूर करण्याची शिफारस केली, आणि त्या मागणीला आमचा पाठिंबा आहे. पण गाण्यावर टाळ्या वाजवणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला यातले काही कळत नाही. बाबासाहेबांनी घोषणा केल्यापासून दीक्षा घेईपर्यंत एकवीस वर्षे विचार केला. धर्म हा असा, समजून-उमजून घ्यायचा निर्णय आहे.

आता तिसरी आणि सर्वांत कडू गोष्ट. त्या व्हिडिओतली मुले हसत होती. आपल्या विहारात मुले अशी शेवटची कधी हसली?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेले ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तन चर्चमध्ये नेले. लोकांना जी चाल ओळखीची, त्या चालीत त्यांनी आपला देव बसवला. आपल्याकडे तर याहून मोठा वारसा आहे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले. पुढे वामनदादांनी आयुष्यभर फिरून अक्षर न येणाऱ्या माणसाच्या तोंडी भीमविचार दिला. ढोलकी, टाळ आणि सवाल-जवाब, एवढ्या सामानावर चळवळ उभी राहिली. आज आपण काय करतो? 14 एप्रिलला डीजे लावतो. वर्षावासात मुलांना मांडी घालून दोन तास भाषण ऐकवतो. मूल चुळबुळले की दटावतो. मग कोणी गिटार घेऊन आले आणि मूल त्याच्यामागे गेले, की छाती बडवतो!

मित्रांनो, ते का आले हे विचारण्याआधी आपण का गेलो नाही हे विचारा. प्रत्येक वाडीत आठवड्याला एक तास मुलांचा ठेवा. ढोलकी काढा. उद्देशिकेतल्या एकेका शब्दावर खेळ बसवा. चवदार तळ्याचे नाटुकले मुलांनाच लिहू द्या. मुक्ता साळवेने 1855 साली लिहिलेला निबंध आपल्या मुलींच्या हाती द्या. प्रश्न विचारणाऱ्या पोराला शाबासकी द्या.

आणि शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा असते. त्या जागेवर आपला माणूस नुसता सहीपुरता आहे की बोलतो आहे? पुढच्या बैठकीत ठराव मांडा, की शाळेच्या वेळेत कोणत्याही धर्माची प्रार्थना, पूजा, आरती किंवा प्रवचन होणार नाही. 'कोणत्याही' हा शब्द लाल शाईने लिहा. मग बघा, शाळा वाचवायला निघालेल्यांपैकी कितीजण सही करतात.

पडवीतून वर्गात यायला आपल्याला पिढ्या लागल्या. आता वर्गात आलो आहोत, तर तो वर्ग कोणाच्याच देवाचा होऊ देणार नाही.

जय भीम! जय संविधान!