गेटवेचा नकाशा काढणारा माणूस आणि आपल्या शाळेची कोनशिला

एक साधा प्रश्न विचारतो. मुंबईचा गेटवे ऑफ इंडिया कुणी बांधला?

बहुतेक जण म्हणतील, इंग्रजांनी. कशासाठी? राजा आला होता म्हणून. इथपर्यंत आपल्याला पाठ असतं, शाळेच्या सहलीत मास्तरांनी सांगितलेलं असतं. पण त्याचा नकाशा कुणी काढला, असं विचारलं की सगळे गप्प.

त्याचं नाव जॉर्ज विटेट. आणि तो इंग्रज नव्हता, स्कॉटलंडचा होता. मराठवाड्यातल्या माणसाला कुणी पुण्याचा म्हटलं की कसं वाटतं, तेवढाच हा फरक आहे म्हणा!

आता तुम्ही म्हणाल, पोखर्णीत बसून या गोऱ्या साहेबाचं काय काढलंय? काढलंय ते आपल्या गावातल्या शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत आणि समाजमंदिराच्या इमारतींसाठी. तिथपर्यंत येतोच. आधी हा माणूस कोण होता ते बघू.

विटेटचा जन्म १८७८ चा, ब्लेअर अ‍ॅथॉल या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लहानशा गावातला. पर्थ नावाच्या शहरात तो एका आर्किटेक्टच्या हाताखाली काम शिकला. मग एडिंबरा आणि यॉर्कमध्ये नोकरी केली. १९०४ मध्ये मुंबईला आला. तेव्हा मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद होता जॉन बेग, तोही स्कॉटिशच. मुंबईचं मोठं पोस्ट ऑफिस आहे ना, जीपीओ, ते या बेगचं काम. विटेट त्याचा सहायक म्हणून लागला आणि काही वर्षांत स्वतःच त्या खुर्चीवर बसला.

पुढच्या वीसेक वर्षांत त्यानं काय काय केलं बघा. गेटवे ऑफ इंडिया. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. धोबीतलावचं स्मॉल कॉजेस कोर्ट. बॅलार्ड इस्टेटमधल्या कितीतरी इमारती. टाटांचं बॉम्बे हाऊस. वाडिया प्रसूतिगृह. आणि परळचं केईएम हॉस्पिटल.

केईएमचं नाव आलं की आपल्याकडचा माणूस कान टवकारतो. इथं डॉक्टरांनी हात टेकले की पेशंटला घेऊन देवगिरीनं मुंबई गाठायची आणि केईएमच्या रांगेत उभं राहायचं, हे परभणी जिल्ह्यातल्या अनेक घरांना नवीन नाही. म्हणजे विटेटचं नाव आपण ऐकलं नसेल, पण त्यानं आखलेल्या छपराखाली आपली माणसं झोपली आहेत, काही बरी होऊन परतली आहेत.

त्याच्या कामातली तीन माणसं, तीन गोष्टी असं काही सांगत बसत नाही. दोनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दगडाची. म्युझियमसाठी स्पर्धा झाली आणि १९०९ मध्ये काम विटेटकडं आलं. परक्या देशातून आलेला माणूस. त्याला हवं तर लंडनसारखी इमारत ठोकून मोकळा झाला असता, वरचे साहेब खूशच झाले असते. त्यानं दगड वापरला कुर्ल्याचा आणि मालाडचा, म्हणजे तिथल्या तिथं मिळणारा. घुमटासाठी बघितलं दख्खनच्या सुलतानी इमारतींकडं, म्हणजे विजापूर-गोवळकोंड्याच्या आपल्या बाजूच्या बांधणीकडं. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातलं लाकडी कमानींचं काम त्यानं विकत घेतलं आणि म्युझियमच्या आत बसवलं. आपण आपले वाडे पाडून सागवान भंगारच्या भावात विकतो. त्या माणसाला त्याची किंमत कळली. गेटवेचं तेच. पिवळसर बेसॉल्ट दगड, घाट सोळाव्या शतकातल्या गुजरातमधल्या बांधकामाचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या.

म्हणजे हा माणूस कागदावर रेघ मारायच्या आधी इथली माती, दगड आणि जुनी बांधकामं बघत होता.

दुसरी गोष्ट रखडण्याची. ती वाचून तुम्हाला बरं वाटेल. राजा पंचम जॉर्ज आणि राणी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले तेव्हा गेटवे नव्हताच. पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती, राजानं तीच बघितली. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला. नकाशा पक्का झाला १९१४ मध्ये. समुद्र हटवून जागा करण्यात १९१९ उजाडलं. पाया पुरा झाला १९२० मध्ये. आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. ज्याच्यासाठी दरवाजा, तो येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी! खर्च आला २१ लाख रुपये. आणि समोरून सरळ येणारा रस्ता काही झालाच नाही. कारण? निधी संपला. म्हणून आजही गेटवे रस्त्याला तिरका उभा आहे. 'निधीअभावी रस्ता रखडला' ही बातमी मी वीस वर्षं लिहितोय. ती शंभर वर्षांपूर्वीपासून चालू आहे, हे बघून मलाही धीर आला.

पण फरक बघा. रखडलं, तरी जे उभं राहिलं ते शंभर वर्षं समुद्राचा वारा खात उभं आहे.

विटेटनं १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि टाटांकडं गेला. त्याआधी १९१७ मध्ये जे. जे. मध्ये शिकून गेलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची एक संघटना निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. तीच पुढं देशभरातल्या वास्तुविशारदांची संस्था झाली. १९२६ मध्ये केईएम सुरू झालं. त्याच वर्षी विटेट मुंबईतच हगवणीनं गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत त्याला पुरलंय. एवढे दवाखाने आखणारा माणूस पोटाच्या आजारानं गेला. गावी परतलाच नाही.

आता कमेंटमध्ये काही जण येतील, 'गुलामीच्या खुणांचं कौतुक कशाला?' त्यांचं म्हणणं मी सोडून देत नाही. तो सरकारचा नोकर होता आणि ते सरकार आपलं नव्हतं. गेटवे हा राजाच्या स्वागताचा दरवाजा होता, हे खरंच आहे. पण त्याच दरवाजातून २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण निघून गेली. (त्या दिवशी आपण अजून निजामाच्याच राज्यात होतो, आपली सुटका १७ सप्टेंबरची, हेही लक्षात असू द्या.) आज त्याच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आणि केईएममध्ये तर देणगीदारांनी अटच घातली होती की तिथं डॉक्टर भारतीयच पाहिजेत. इमारत कुणाच्या पैशानं, कुणाच्या हुकुमानं उभी राहिली हा एक प्रश्न. ती लोकांच्या किती कामाला येते, हा दुसरा. मला आज दुसऱ्याबद्दल बोलायचंय.

आता या आपल्या गावाकडं.

आपल्या नृसिंहाचं मंदिर घ्या. हेमाडपंती, दगडाचं. वैशाखात नृसिंह जयंतीला बाहेर पाय ठरत नाही इतकं तापतं, आणि आत गेलं की गार. आपल्या आज्या-पणज्यांची माळवदाची घरं घ्या. जाड भिंती, वर लाकडी सर, त्यावर माती. पावसाळ्यात कटकट होती, दरवर्षी माती टाकावी लागायची, कबूल. पण उन्हाळ्यात दुपारी माणूस आत झोपू शकत होता. ज्यांनी हे बांधलं त्यांना ऊन माहीत होतं.

आणि आता आपल्या तालुक्यातली कुठलीही नवी शाळाखोली बघा. वर स्लॅब नाहीतर पत्रा. खिडक्या पश्चिमेला. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. व्हरांडा असला तर एवढा अरुंद की पावसाची झड थेट वर्गात. याला कारण टाईप प्लॅन. वर कुठंतरी एकदा नकाशा तयार होतो आणि तो सगळीकडं वाटला जातो. कोकणातल्या पावसाला तोच, आपल्या ४४ अंशांच्या उन्हाला तोच.

आपली काळी माती तर कुणी विचारातच घेत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. या मातीवर वरवर पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तडा जाणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. गावातला जुना गवंडी हे सांगतो. पण त्याला विचारतो कोण? अंदाजपत्रक आधीच ठरलेलं असतं.

कनिष्ठ अभियंत्याला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. एकेकाकडं कितीतरी गावं असतात. टाईप प्लॅनमुळं काम लवकर होतं, खर्चाचा हिशोब सोपा जातो, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच आहे की इमारत चुकली तर नेमकं कुणाला विचारायचं, हे गावाला कळलं पाहिजे.

इथं येते कोनशिला. तुमच्या गावातल्या कुठल्याही सरकारी इमारतीसमोर जाऊन ती वाचा. मंत्री, खासदार, आमदार, सभापती, सरपंच, 'प्रमुख उपस्थिती', सगळी नावं असतात. ग्रॅनाईटवर, सोनेरी अक्षरात. नकाशा कुणी काढला? नाही. ठेकेदार कोण? नाही. किती पैसे लागले? नाही. किती वर्षं टिकेल, गळती लागली तर दुरुस्ती कुणाची? नाही. कामाचा फलक लागलाच तर तो काम चालू असेपर्यंत, तोही बहुतेक वेळा टिनाचा, पुढच्या पावसात गायब. म्हणजे ज्यांनी नारळ फोडला त्यांची नावं दगडात आणि ज्यांनी इमारत बांधली त्यांची टिनावर.

विटेटचं नाव तरी निदान पुस्तकात राहिलं. ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला त्यांचं कुठं राहिलं? म्हणजे ही खोड जुनीच आहे. पण आता राज्य आपलं आहे, पैसा आपला आहे. मग कोनशिला तरी आपल्या उपयोगाची करायला काय हरकत आहे?

म्हणून तीन मागण्या. आमदारकीच्या नाहीत, ग्रामसभेतल्या आहेत.

एक, गावात कुठलीही सरकारी इमारत येणार असेल तर तिचा नकाशा आधी ग्रामसभेत भिंतीवर लावा. लोकांना सांगू द्या की ऊन कुठून येतं, पाणी कुठं साचतं, माती किती खोल आहे. हे कळायला डिग्री लागत नाही.

दोन, कोनशिलेवर नकाशा काढणाऱ्याचं, देखरेख करणाऱ्या अभियंत्याचं आणि ठेकेदाराचं नाव, एकूण खर्च आणि दुरुस्तीची मुदत कोरा. उद्घाटकांची नावं राहू द्या, त्यांना दुखवायचं नाही. जागा कमी पडली तर दगड मोठा घ्या!

तीन, जुनी दगडी बांधकामं, बारव, वाडे पाडायच्या आधी निदान कुणा जाणकाराला दाखवा. स्कॉटलंडचा माणूस नाशिकच्या वाड्यातलं लाकूड विकत घेऊन म्युझियममध्ये बसवतो आणि आपण ते जळणात घालतो, याची थोडी तरी लाज वाटली पाहिजे.

'याला पैसे कुठून आणायचे?' असं कुणी म्हणेल. भिंतीवर नकाशा लावायला आणि दगडावर चार ओळी जास्त कोरायला किती लागतात? दर पाच वर्षांनी गळकी शाळा दुरुस्त करण्यापेक्षा नक्कीच कमी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली जी ग्रामसभा जवळ असेल तिथं उभं राहून फक्त एवढं विचारा, 'आपल्या शाळेचा नकाशा कुणी काढला?' उत्तर आलं नाही तर तसं प्रोसीडिंगमध्ये लिहून घ्या. पुढचं काम माहितीचा अधिकार करेल.

आणि हो, तुमच्या गावातल्या शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या कोनशिलेचा फोटो काढून खाली कमेंटमध्ये टाका. कुठं एखाद्या दगडावर बांधणाऱ्याचं नाव सापडलं तर तो फोटो आवर्जून टाका. त्या गावाची बातमी मी स्वतः जाऊन करणार.