पत्त्यांच्या कॅटवर 5 टक्के, कन्सोलवर 44

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री आणि अध्यक्ष, वस्तू व सेवा कर परिषद

महोदया,

28 आणि 29 जून 2022 रोजी तुमच्या परिषदेची सत्तेचाळिसावी बैठक आमच्या चंडीगडमध्ये झाली. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाइन गेमिंग या तिघांना एकाच दावणीला बांधून 28 टक्के कर लावावा, असा कॉनराड संगमा यांच्या मंत्रिगटाचा अहवाल तुमच्यापुढे होता. गोव्याला कॅसिनोंविषयी काही वेगळे सांगायचे होते, म्हणून तो विषय पुढे ढकललात. दह्या-पनीरच्या छापील पाकिटांवर 5 टक्के मात्र तिथल्या तिथे ठरले. गोव्याचे ऐकून घेतलेत, छान केलेत. आमचेही कुणी ऐकले असते, पण ज्या शहरात बैठक झाली त्या शहराला परिषदेत खुर्चीच नाही.

विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशाला परिषदेत प्रतिनिधी नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सेक्टर 1 मधल्या ल कॉर्ब्युझिएच्या इमारतीत पंजाबचेही सचिवालय आहे आणि हरियाणाचेही. त्या दोघांना परिषदेत एकेक मत. इमारत ज्या शहरात उभी आहे त्याच्या वाट्याला बिलावरची एक ओळ: यूटीजीएसटी 9 टक्के. ती आम्ही इमानदारीने भरतो. दाद कुणाकडे मागायची हे कुठल्याच बिलावर छापलेले नसते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. याआधी लिहिले होते ते बंद पाकिटातून आणि पोर्टलवरून. उत्तर आले ते असे, की आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे. विभाग कोणता, हे विचारणाऱ्या पत्रालाही तेच उत्तर आले.

मी व्हिडिओ गेम खेळते. पिवळ्या कॅसेटीत फुंकर मारून कॉन्ट्रा सुरू करणाऱ्या पिढीतली, मूळची अकोल्याची, नोकरीने इथे आलेली बाई. जुगार खेळत नाही, पैसे लावत नाही, घरी टीव्हीसमोर बसून खेळते. हे इतके सविस्तर सांगावे लागते, कारण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हा नात्यातल्या तीन पिढ्यांनी फोन करून मला विचारले, की तुझेही बंद झाले का गं? त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. घरेदारे बुडवणारे धंदे बंद होत असतील तर होऊ द्यात. माझी तक्रार आकड्यांची आहे.

हिशेब करू या. 30,000 रुपये किमतीचा एक कन्सोल परदेशातून आपल्या बंदरात उतरला. त्यावर 20 टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे 6,000. त्या 6,000 वर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 600. झाले 36,600. आता या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी, 6,588. एकूण 43,188 रुपये. व्यापाऱ्याचा नफा, गोदाम, वाहतूक यांतले अजून काहीच धरलेले नाही, आणि सरकारचे 13,188 झालेसुद्धा. शेकडा चव्वेचाळीसला चार पैसे कमी. या 13,188 मधले 1,188 रुपये तर निव्वळ करावर लावलेला कर आहेत. समाजकल्याणाला माझा हातभार लागतो याचा आनंदच आहे, पण त्या कल्याणावरही 18 टक्के भरायचे म्हणजे जरा जास्तच झाले.

आता तेवढ्याच, म्हणजे 30,000 रुपयांचा लॅपटॉप घ्या. सीमाशुल्क शून्य. जीएसटी 5,400. एकूण 35,400. एकाच जहाजातून आलेल्या दोन यंत्रांत 7,788 रुपयांचा फरक. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींच्या पोटात एएमडीची झेन 2 घडणीची चिप आहे आणि त्याच घडणीच्या चिप लॅपटॉपमध्येही बसवलेल्या आहेत. दोन लाखांचा, रंगीबेरंगी दिव्यांचा, खास खेळण्यासाठीच बनवलेला लॅपटॉप शून्य सीमाशुल्काने देशात येतो आणि पन्नास हजारांच्या डब्याला 20 टक्के. तुमचे अधिकारी सांगतील की लॅपटॉपवरचे शून्य जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे आहे. बरोबर. ते शून्य करारामुळे आहे. हे 20 कुठल्या करारामुळे आहे?

कन्सोल महाग असणे ही श्रीमंतांची रडगाणी आहेत, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर 2025 मध्ये एअर कंडिशनर, 32 इंचांहून मोठे टीव्ही आणि छोट्या मोटारी 28 वरून 18 टक्क्यांवर आणताना तुम्हाला ती अडचण आली नव्हती.

कन्सोलवरच्या या 20 टक्क्यांची जन्मकथा 2018 सालची आहे, ती तुमच्या आधीच्या अर्थमंत्र्यांची. पण दप्तर आता तुमच्याकडे आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कन्सोलवर 28 टक्के होते. सीमाशुल्क 10 टक्के आणि त्यावर 3 टक्के शिक्षण उपकर. 100 रुपयांचा कन्सोल 141 रुपये 18 पैशांना पडायचा. फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क 10 चे 20 झाले, 3 टक्के उपकर जाऊन 10 टक्के अधिभार आला, आणि तोच कन्सोल 156 रुपये 16 पैशांवर गेला. मग 22 डिसेंबर 2018 रोजी परिषदेने उदार होऊन जीएसटी 28 चा 18 केला. 1 जानेवारी 2019 पासून किंमत 143 रुपये 96 पैसे. कर कमी केला म्हणून बातम्या झळकल्या, आम्ही मित्रमंडळींत पेढ्यांचे फोटो पाठवले. कागद-पेन्सिल कोणी घेतली नाही. घेतली असती तर दिसले असते की कर कमी झाल्यावरही आम्ही वाढीपूर्वीपेक्षा शंभरामागे पावणेतीन रुपये जास्तच भरतो आहोत. एका हाताने दुप्पट करायचे, दुसऱ्या हाताने थोडे परत द्यायचे, आणि परत दिल्याची तेवढी बातमी करायची.

बरे, हे वाढीव सीमाशुल्क कुणाच्या रक्षणासाठी? 2020 मध्ये खेळण्यांवरचे सीमाशुल्क 20 चे 60 टक्के केलेत, 2023 मध्ये 70. महाग वाटले तरी कारण समजत होते: देशात खेळण्यांचे कारखाने आहेत, त्यांना चिनी मालापासून आडोसा हवा होता. प्लेस्टेशन भारतात कुठे बनते? एक्सबॉक्स कुठे बनतो? ज्या कारखान्याला संरक्षण द्यायचे, तो कारखानाच अस्तित्वात नाही. सात वर्षांहून अधिक काळ आपण एका रिकाम्या प्लॉटला कुंपण घालून त्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करतो आहोत.

आता एचएसएन 9504 बद्दल. कन्सोल ज्या शीर्षाखाली बसवला आहे त्यात त्याचे शेजारी कोण आहेत? बिलियर्डची टेबले, पिनटेबल, स्वयंचलित बोलिंग ॲली, आणि कॅसिनोसाठी खास बनवलेली टेबले. वर्गीकरण जागतिक सीमाशुल्क संघटनेचे आहे, तुम्ही केलेले नाही, मान्य. पण एका शीर्षाखालच्या सगळ्यांना एकच दर लावायची सक्ती कुणी केलेली नाही, आणि हे तुम्हीच दाखवून दिले आहे. याच 9504 मधून पत्ते, बुद्धिबळाचा पट, कॅरम आणि ल्युडो वेगळे काढून त्यांना 12 टक्के ठेवलेत. 3 सप्टेंबर 2025 च्या छप्पन्नाव्या बैठकीत ते 5 टक्क्यांवर आणलेत. क्रिकेटची बॅटही 12 वरून 5 वर आली. 22 सप्टेंबरला बचत उत्सव सुरू झाला. कन्सोल कॅसिनोच्या टेबलाशेजारी 18 टक्क्यांवर जिथे होता तिथेच बसून राहिला.

या देशात तीन पत्तीवर किती संसार मोडले याची आकडेवारी माझ्याकडे नाही, पण ज्या वस्तूने ते मोडले तिच्यावर आज 5 टक्के आहेत. (पत्त्यांचा कॅट देशातच छापला जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाला सीमाशुल्काची झळही लागत नाही.) पैसे लावून खेळायच्या खेळांना धडा शिकवायला तुम्ही 2023 च्या ऑक्टोबरपासून 28 टक्के लावलेत, मग संसदेने बंदी आणली, आणि त्यानंतर ते 40 टक्केही केलेत. एवढा सगळा जोर गेमिंगवर, आणि जुगाराचे सर्वांत जुने साधन सगळ्यांत स्वस्त! यातला तर्क मला समजावून सांगणारा अधिकारी भेटला तर त्याला मी माझ्या पैशाने एलांटे मॉलमध्ये जेवायला नेईन. बिलावर यूटीजीएसटी असेलच.

दुसरीकडे कौतुकाचे समारंभ चालूच आहेत. 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पी भाषणात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्यासाठी कार्यगट तुम्हीच जाहीर केलात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर हा पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडू तिथे उतरले होते. मे 2025 मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाची वेव्हज परिषद झाली. थोडक्यात, हा खेळ आहे असे क्रीडा मंत्रालय म्हणते, हा उद्योग आहे असे माहिती व प्रसारण मंत्रालय म्हणते, आणि ही कॅसिनोच्या टेबलाची भावकी आहे असे तुमचे दरपत्रक म्हणते. बॅटला 5 आणि कंट्रोलरला 18. ई-स्पोर्ट्सवाल्याने सराव कशाने करायचा, हातवाऱ्यांनी?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' तुमच्या कार्यगटाच्या कोणा सदस्याने खेळला असेल अशी आशा आहे. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढणारी मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, आपल्या देवादिकांच्या कथा. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन होते. तो सगळ्यांत आधी, ऑगस्ट 2020 मध्ये, निन्टेंडो स्विचवर आला. त्या निन्टेंडोने स्विच भारतात कधी अधिकृतपणे विकायलाच आणला नाही. पुण्यात बनलेला खेळ पहिले दोन महिने पुणेकराला सरळ मार्गाने खेळता येत नव्हता. निन्टेंडो का येत नाही ते निन्टेंडोलाच ठाऊक, पण ज्या बाजारात पाऊल ठेवताक्षणी किंमत शेकडा चव्वेचाळीसने फुगते तिथे यायची घाई कोण करेल?

कंपन्यांनाही मी सोडत नाही. प्लेस्टेशन 5 अमेरिकेत नोव्हेंबर 2020 मध्ये आला, इथे 2 फेब्रुवारी 2021 ला, 49,990 रुपयांना. तिथली 499 डॉलरची किंमत तेव्हाच्या भावाने साडेछत्तीस हजारांच्या आसपास होत होती, तिथला विक्रीकर वेगळा. पुढच्या वर्षी इथली किंमत 54,990 झाली. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रो जगभर आला तेव्हा भारताला वगळले, कारण त्यातल्या वायफायला लागणारी 6 गिगाहर्ट्झची लहर आपल्याकडे तेव्हा खुली नव्हती. तो दोष तुमच्या खात्याचा नाही, दूरसंचारचा. नोंद असावी म्हणून लिहिले.

मग लोक काय करतात? जे करायचे तेच. दुबई-सिंगापूरच्या भाच्याला सांगतात. किंवा बाजारात जातात. इथल्या एका दुकानात मी स्विचची किंमत विचारली, तर काउंटरवरचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "बिल चाहिदा है जी? बिल नाल रेट होर लग्गेगा." बिलाशिवाय घेतला तर वॉरंटी नाही, दुरुस्ती नाही, आणि तुमच्या तिजोरीत एक पैसा नाही. चोख बिल मागणाऱ्याकडून 13,188 आणि न मागणाऱ्याकडून शून्य, अशी ही करप्रणाली आहे. मी बिल मागितले. तो माझ्याकडे ज्या करुणेने बघत होता, ती करुणा तुमच्या परिषदेत कुठे दिसली नाही.

मागणी फार मोठी नाही. कन्सोलसाठी स्वतंत्र उपशीर्ष आधीच आहे, 9504 50 00. त्याचे सीमाशुल्क लॅपटॉपप्रमाणे शून्य करा. हे अर्थसंकल्पात एका ओळीत होते, परिषदेला विचारावेही लागत नाही. मग परिषदेत हाच क्रमांक कॅसिनोच्या टेबलांपासून वेगळा काढून बॅट, कॅरम आणि पत्त्यांच्या रांगेत 5 टक्क्यांवर न्या. त्या वेळी 30,000 चा कन्सोल 31,500 ला पडेल. महसूल बुडेल असे वाटत असेल, तर या एका क्रमांकाखाली 2018 पासून दरवर्षी सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून नेमके किती जमा झाले ते जाहीर करा. तो आकडा बघून मला गप्प बसावे लागले तर बसेन.

आणि 141.18, 156.16, 143.96 हे तीन आकडे तुमच्या अधिकाऱ्यांकडून एकदा तपासून घ्या. गुणाकार चुकला असेल तर तेवढाच कळवा. बरोबर असेल, तर हे पत्र कृपया संबंधित विभागाकडे पाठवू नका. सीमाशुल्क तुमचे, परिषद तुमची, अर्थसंकल्पही तुमचाच.

आपली,
बिल मागून घेणारी एक करदाती
चंडीगड